व्हेरिओ वाजला, पण पॉइंट धरला नाही: ट्रॅकलॉग कसा तपासतात

प्रश्न थोडक्यात असा. पॅराग्लायडिंगच्या क्रॉस कंट्री स्पर्धेत एका पायलटच्या व्हेरिओने (चढ-उतार आणि जीपीएसवरून जागा दाखवणारं, उड्डाण नोंदवणारं यंत्र) दुसऱ्या टर्नपॉइंटवर, म्हणजे मार्गातल्या ठरलेल्या ठिकाणावर, 'झाला' म्हणून आवाज दिला. पुढे तो गोलपर्यंत, म्हणजे शेवटच्या ठिकाणापर्यंत, पोहोचलाही. संध्याकाळच्या निकालात मात्र त्याचं अंतर दुसऱ्या पॉइंटच्या अलीकडेच संपलेलं. मग जीपीएस चुकलं की स्कोअरर, आणि या पद्धतीवर भरवसा किती ठेवायचा? बरीच वर्षं स्पर्धांमध्ये स्कोअरिंगच्या टेबलावर बसतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अशा तक्रारींत उपग्रह क्वचितच दोषी निघतात. डोक्यावर विंगच्या कापडाशिवाय काही नसताना साधा रिसीव्हरसुद्धा आडव्या दिशेने काही मीटरच्या आत जागा सांगतो. गोंधळ असतो तो भोवतालच्या गोष्टींत: टास्क (त्या दिवसाचा ठरलेला मार्ग) यंत्रात कसा भरला, वेळ कुठली धरली, उंची कशावरून मोजली, नोंद किती सेकंदांनी होत होती. शिवाय निकाल व्हेरिओच्या आवाजावर लागत नाही, त्याने नोंदवलेल्या मार्गाच्या फाइलवर, म्हणजे ट्रॅकलॉगवर, लागतो. आवाज आणि फाइल एकाच डब्यातून येतात खरे, पण दोन्ही एकच सांगतील असं नाही.

जीपीएस येण्याआधी पुरावा म्हणजे फोटो. पायलट कॅमेरा घेऊन उडायचे, टर्नपॉइंटच्या ठरलेल्या बाजूला जाऊन खालच्या खुणेचा फोटो काढायचे, उतरल्यावर साक्षीदाराच्या सही-पत्त्यासह लँडिंग फॉर्म भरायचे. संध्याकाळी फिल्म धुवायची, मग परीक्षक भिंगातून बघणार की हा चौक त्या कोनातून दिसतोय की नाही. निकाल दुसऱ्या दिवसावर जायचा. नव्वदच्या दशकात जीपीएस आलं तेव्हा नागरी सिग्नलमध्ये अमेरिकेने मुद्दाम चूक घातलेली असायची, त्यामुळे शंभरेक मीटर इकडे-तिकडे चालायचंच. मे २००० च्या सुरुवातीला ती काढली. टर्नपॉइंटभोवती ४०० मीटर त्रिज्येचा सिलिंडर (ज्याच्या आत शिरलं की पॉइंट झाला असं काल्पनिक वर्तुळ) ही जी नेहमीची सवय दिसते, ती त्या काळाला साजेशी होती. आजची यंत्रं याहून कितीतरी बारीक मोजतात, म्हणूनच वाद आता शंभर मीटरचे राहिले नाहीत, पाच-दहा मीटरचे झाले आहेत.

आता फाइलकडे. ट्रॅकलॉग आयजीसी नावाच्या साच्यात असतो. तो मूळचा ग्लायडर विमानांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा, पण पॅराग्लायडिंगनेही तोच उचलला. साधी मजकुराची फाइल असते. वरच्या ओळींत यंत्राचं नाव, तारीख, पायलट, आणि खाली 'बी' अक्षराने सुरू होणाऱ्या हजारो ओळी. अशी एक ओळ उलगडून दाखवतो. 'बी'नंतर सहा आकडे वेळेचे: ०९३२१५, म्हणजे यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेने) ९ वाजून ३२ मिनिटं १५ सेकंद. पुढे ४५१२३४५ आणि उत्तरेचं अक्षर, म्हणजे ४५ अंश १२.३४५ मिनिटं. मग त्याच पद्धतीने रेखांश. त्यानंतर एकच अक्षर, 'ए' किंवा 'व्ही'. 'ए' म्हणजे त्रिमितीय फिक्स, उंचीसह मिळालेली जागा, पक्का होता. 'व्ही' म्हणजे उपग्रह पुरेसे नव्हते, उंचीवर विसंबू नका. शेवटी पाच-पाच आकड्यांच्या दोन उंच्या: पहिली हवेच्या दाबावरून, दुसरी उपग्रहांवरून.

या ओळीत एक मर्यादा लपलेली आहे. अक्षांश मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंतच लिहिला जातो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. त्याचा हजारावा भाग १.८५२ मीटर. रिसीव्हर कितीही चांगला असला तरी साध्या आयजीसी ओळीत याहून बारीक जागा बसतच नाही (काही यंत्रं जादा दशांश वेगळ्या रकान्यात लिहितात). 'मी एका मीटरने आत होतो' असं कुणी म्हणालं की मला म्हणूनच हसू येतं.

स्कोअररकडे दोन गोष्टी असतात, टास्कची व्याख्या आणि ही फाइल. सॉफ्टवेअर फाइलमधले बिंदू क्रमाने तपासत जातं. स्टार्टची वेळ झाल्यावर स्टार्ट सिलिंडरची रेषा ओलांडली का? त्यानंतर पहिल्या सिलिंडरमध्ये बिंदू आहे का? त्यानंतर दुसऱ्यात? यातला 'त्यानंतर' महत्त्वाचा. स्टार्ट वैध नसेल तर पुढचे सगळे पॉइंट कितीही सुंदर उडालेले असोत, हिशेबात येत नाहीत. 'माझा पॉइंट धरला नाही' म्हणून आलेल्या तक्रारीत मी पहिल्यांदा तो पॉइंट बघतच नाही, स्टार्ट बघतो.

प्रश्नातल्या पायलटचा स्टार्ट आणि पहिला पॉइंट मात्र धरलेला आहे, दुसराच तेवढा नाही. अशा वेळी माझा पहिला संशय दोन नोंदींमधल्या वेळेवर जातो. व्हेरिओ आतल्या आत दर सेकंदाला किंवा त्याहून लवकर जागा मोजत असतो आणि त्या मोजणीवर आवाज देतो. फाइलमध्ये मात्र तो तुम्ही सेटिंगमध्ये ठेवलेल्या तितक्या सेकंदांनी ओळ लिहितो. मेमरी वाचवायला कुणी ते १० सेकंदांवर ठेवलेलं असतं. आता हिशेब करा. ४०० मीटर त्रिज्येचा सिलिंडर, आणि पायलट घाईत फक्त ५ मीटर आत शिरून निघाला. वर्तुळाच्या आतला त्याचा सरळ मार्ग भूमितीने साधारण १२६ मीटर भरतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १४ मीटर, तेव्हा तो आत राहिला नऊ सेकंद. नोंद दर १० सेकंदांनी होत असेल तर एक ओळ शिरण्याच्या क्षणभर आधी आणि पुढची बाहेर पडल्यावर, असं सहज होतं. व्हेरिओने नऊ सेकंद त्याला आत पाहिलं, वाजलाही. फाइलला पत्ताच नाही. बहुतेक स्कोअरिंग पद्धती आत किमान एक बिंदू मागतात. बाहेरच्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ वर्तुळातून जाते एवढ्यावर पॉइंट देत नाहीत, कारण त्या रेघेवरून तो उडाला हे कुणी पाहिलेलं नाही. मग पॉइंट नाही म्हटल्यावर अंतर मोजलं जातं ते त्या सिलिंडरच्या सर्वांत जवळच्या बिंदूपर्यंत. गोलवर उतरलेला माणूस निकालात दुसऱ्या पॉइंटच्या दारात थांबलेला दिसतो तो यामुळे. नोंद एका सेकंदावर ठेवली की हा प्रकारच संपतो, आणि आजच्या यंत्रांना तेवढी मेमरी काहीच नाही.

दुसरी शक्यता टास्क भरण्याची. ब्रीफिंगनंतर वारा बदलला, फळ्यावरची त्रिज्या २ किलोमीटरवरून १ केली, आणि पायलटच्या यंत्रात जुनीच राहिली. किंवा अंशांची लिहिण्याची पद्धत बदलली. ४५.५०० मिनिटं म्हणजे ४५ मिनिटं ३० सेकंद. कुणी ते हाताने भरताना ४५ मिनिटं ५० सेकंद धरलं तर २० सेकंदांचा, म्हणजे अक्षांशात सहाशे मीटरहून जास्त फरक पडतो. चारशेच्या सिलिंडरसाठी खेळ खलास. जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४ हा नकाशा-आधार सोडून दुसरा स्थानिक यंत्रात निवडलेला असला तरी असाच शेकडो मीटरचा सरकाव येतो. हल्ली टास्क क्यूआर कोडने भरतात, त्यामुळे या चुका बऱ्याच कमी झाल्या. तरी टास्क बदलल्यावर कोड पुन्हा स्कॅन करायला विसरणारे प्रत्येक स्पर्धेत भेटतात.

तिसरी शक्यता जरा खोल आहे आणि लोकांना ती पटत नाही: पृथ्वीचा आकार. यंत्र आणि स्कोअरर दोघंही 'केंद्रापासून अंतर' मोजतात, पण कुठल्या पृथ्वीवर? पूर्वी स्पर्धांमध्ये ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा शुद्ध गोल धरायची पद्धत होती, तर कित्येक यंत्रं लंबगोलावर, म्हणजे ध्रुवांपाशी किंचित चपट्या पृथ्वीवर, मोजायची. गोलावर अक्षांशाचा एक अंश १११.१९ किलोमीटर. खऱ्या लंबगोलावर विषुववृत्ताजवळ तो ११०.५७ आहे. फरक अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. ४०० मीटरच्या सिलिंडरवर हा दोन मीटर, कुणाला कळणारही नाही. पण स्टार्टचा सिलिंडर ३० किलोमीटर त्रिज्येचा असेल तर दीडशे मीटरहून जास्त! यंत्र म्हणतं आत, सॉफ्टवेअर म्हणतं बाहेर, आणि आपापल्या पृथ्वीवर दोघंही खरे. नियमांत सिलिंडरच्या त्रिज्येवर टक्केवारीने जी सवलत ठेवलेली असते ती मुळात या फरकासाठी. पायलटला दोन-चार मीटरचं बक्षीस म्हणून ती दिलेली नाही. पुढे सगळ्यांनीच लंबगोलावर मोजायचं ठरल्यावर ही सवलत आवळत गेली. तुमच्या स्पर्धेच्या स्थानिक नियमांत तिचा आकडा लिहिलेला असतो. ब्रीफिंगला जाण्याआधी तो बघून ठेवा. सवलतीच्या भरवशावर सिलिंडरच्या कडेवरून वळणं हा शुद्ध वेडेपणा आहे. एक सेकंद वाचतो, अख्खा दिवस जातो.

वेळेचं सांगायला हवं, कारण स्टार्टचे वाद सगळे वेळेचेच. अधिकृत वेळ जीपीएसकडून आलेली. मनगटावरचं घड्याळ किंवा फोन नाही. पण त्यातही एक गंमत आहे. उपग्रहांची स्वतःची वेळ यूटीसीच्या पुढे आहे, २०१७ पासून १८ सेकंदांनी. रिसीव्हरने हे वजा करायचं असतं. वजा किती करायचे ही माहिती उपग्रहाच्या संदेशात येते, आणि तो संपूर्ण संदेश एकदा फिरून यायला साडेबारा मिनिटं लागतात. चांगली यंत्रं मागचा आकडा लक्षात ठेवतात. एखादं जुनं किंवा नुकतंच रीसेट केलेलं यंत्र तेवढा वेळ १८ सेकंद पुढे चालू शकतं. टेकऑफवर शेवटच्या क्षणी यंत्र चालू करून धावणाऱ्यांना हे भोवतं. एका थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) पंधरा जण फिरत असताना एकाचाच ट्रॅक बाकीच्यांपेक्षा १८ सेकंद पुढे सरकलेला दिसला, तर स्कोअररला कारण ओळखायला वेळ लागत नाही.

तारखेचाही असाच एक प्रकार आहे. जीपीएसमधला आठवड्यांचा आकडा १०२४ झाला की पुन्हा शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ मध्ये आला होता, एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा आला. त्यानंतर काही जुन्या यंत्रांच्या फाइलींवर जवळपास वीस वर्षांपूर्वीची तारीख छापून येऊ लागली. मार्ग आणि वेळ अचूक, तारीख विसाव्या शतकातली किंवा त्याच्या आसपासची. अशी फाइल सॉफ्टवेअर सरळ नाकारतं. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये.

उंचीवर सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण एअरस्पेसचा, म्हणजे विमानांसाठी राखलेल्या हवाई हद्दीचा, भंग उंचीवरच ठरतो आणि शिक्षा मोठी असते. फाइलमधली दाबाची उंची नेहमी १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून लिहिलेली असते, त्या दिवशीचा खरा दाब काहीही असो. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण आठ मीटर. समजा एअरस्पेसचा तळ समुद्रसपाटीपासून २५०० मीटरवर आहे आणि त्या दिवशीचा क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब, १०२३. फाइलमध्ये पायलटची कमाल दाब-उंची २४६० दिसते. तो म्हणतो मी ४० मीटर खाली होतो. दुरुस्ती केली की त्यात ऐंशी मीटर मिळवावे लागतात: खरी उंची २५४० च्या आसपास, म्हणजे तो ४० मीटर आत! पण तोच तळ फ्लाइट लेव्हलमध्ये (प्रमाण दाबावरून मोजलेल्या उंचीत) दिलेला असेल तर फाइलमधला आकडा जसाच्या तसा लागू. कुठली उंची कुठे लावायची हे टास्कच्या आधी जाहीर झालेलं नसेल तर हरकत टिकते, आणि टिकायलाच हवी.

उपग्रहांवरची उंची वापरू म्हटलं तर तिथे वेगळं दुखणं. एक तर उभ्या दिशेची चूक आडव्यापेक्षा बरीच जास्त असते. शिवाय ती उंची कुणी लंबगोलापासून लिहितं, कुणी समुद्रसपाटीपासून. या दोन पृष्ठभागांतला फरक जगात कुठे ऐंशीपेक्षा जास्त मीटर वर, तर हिंदी महासागरात शंभरपेक्षा जास्त मीटर खाली जातो. एकाच थर्मलमध्ये खांद्याला खांदा लावून फिरलेले दोन पायलट फाइलीत साठ-सत्तर मीटर वर-खाली दिसले तर दचकू नका, आधी हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या वरच्या ओळींत, उंचीचा आधार काय लिहिलाय ते बघा.

फसवणुकीबद्दलही विचारलं जातं. फाइलच्या शेवटी 'जी' अक्षराच्या ओळी असतात. यंत्र स्वतःच्या गुप्त किल्लीने वरच्या सगळ्या मजकुराची सही काढून तिथे लिहितं. मधला एक आकडा जरी बदलला तरी सही जुळत नाही, लाखेची मोहोर फुटल्यासारखं लगेच कळतं. जागतिक हवाई क्रीडा महासंघाची, म्हणजे एफएआयची, हँगग्लायडिंग-पॅराग्लायडिंग समिती सीआयव्हीएल हिने या तपासणीसाठी सर्व्हर ठेवला आहे. फाइल टाकली की सही वैध आहे का ते कळतं. यात निष्पाप माणसंही अडकतात. कुणी फाइल मजकूर संपादकात उघडून नावातली चूक सुधारतो आणि सेव्ह करतो. हेतू स्वच्छ, पण सही गेली. फाइल यंत्रातून निघेल तशीच द्यायची, हात लावायचा नाही.

सही एवढंच सांगते की मजकूर यंत्रातून निघाला तसाच आहे. ते यंत्र कुणाच्या मांडीवर होतं, किंवा फोनच्या ॲपला कुणी खोटी जागा पुरवली का, हे ती सांगत नाही. पण शंभर जण एकाच हवेत उडत असताना बनावट ट्रॅक लपवणं फार कठीण असतं. थर्मलमधली प्रत्येक फेरी वाऱ्यासोबत थोडी सरकते, त्या सरकण्याची दिशा आणि वेग सगळ्यांचा सारखा असतो, चढण्याचा दरही शेजाऱ्याशी मिळताजुळता असतो. दाबाची उंची आणि उपग्रहाची उंची या दोन स्वतंत्र रेषा एकमेकींसोबत चालाव्या लागतात. हे सगळं एकत्र खोटं बनवायचं तर उडणं सोपं. ऑनलाइन लीगमध्ये एकट्याने केलेल्या उड्डाणाला हा शेजारचा साक्षीदार नसतो, तिथे सही आणि दाबाची नोंद यांच्यावरच जास्त भार येतो.

खरी रोजची डोकेदुखी फसवणूक नाहीच, ती आहे परतीची गाडी. आयोजकांनी दिलेला लाइव्ह ट्रॅकर पायलट उतरल्यावर बंद करत नाही. गाडी त्याला घेऊन गोलच्या दिशेने निघते आणि ट्रॅकर इमाने इतबारे पॉइंटमागून पॉइंट 'पूर्ण' करत जातो. सॉफ्टवेअर बहुतेकदा लँडिंग ओळखतं, पण उतरल्यावर पाचच मिनिटांत गाडी मिळाली तर कधीकधी फसतं. नजरेने बघितलं की लगेच कळतं: उंचीची रेषा जमिनीच्या चढ-उताराला चिकटलेली, एकही फेरी नाही, वळणं रस्त्याची आणि मध्येच चहासाठी थांबावं तसा शून्य वेग. ट्रॅक लँडिंगच्या जागी कापायचा आणि पुढे जायचं.

लाइव्ह ट्रॅकिंगमुळे प्राथमिक निकाल आता पायलट उतरायच्या आत तयार असतो, आणि शोधकार्याला त्याचा जो उपयोग आहे तो निकालाहून मोठा. मोबाइल नेटवर्क गेलं तरी चांगले ट्रॅकर बिंदू साठवून नंतर पाठवतात. तरी पायलटने स्वतःचा लॉग राखून ठेवलाच पाहिजे. गॅप या गुण देण्याच्या पद्धतीत गुण फक्त अंतराचे आणि वेळेचे नसतात, पुढे राहून गट ओढणाऱ्याला लीडिंगचेही गुण असतात, आणि ते संपूर्ण ट्रॅकवरून निघतात. मध्ये वीस मिनिटं रिकामी असली तर पॉइंट सगळे मिळतील, हे गुण मात्र घसरू शकतात.

ट्रॅक काय सिद्ध करू शकत नाही तेही सांगतो. 'अमुक जण ढगात शिरला' ही तक्रार फाइलवरून सुटत नाही. फाइलीत ढग नसतो. फार तर त्याच वेळी, त्याच जागी असलेले बाकीचे कुठल्या उंचीवर चढणं सोडून निघाले ते बघता येतं. सगळे २९०० वर निघाले आणि हा एकटा ३०५० पर्यंत गेला, तर संशयाला आधार मिळतो, पुरावा लागतो तो साक्षीदारांचाच. जवळून कापून जाणं, थर्मलमध्ये उलट फिरणं यातलं उलट फिरणं ट्रॅकवर स्वच्छ दिसतं, पण दोन पायलटांतलं दहा मीटरचं अंतर दोन वेगळ्या यंत्रांच्या चुकांमध्ये विरघळतं. आणि अचूक लँडिंगच्या स्पर्धेत जीपीएसचं काहीच काम नाही, तिथे हिशेब सेंटीमीटरचा आणि मोजणारं पॅड जमिनीवर.

तर प्रश्नातल्या पायलटने काय करावं? प्राथमिक निकालावर हरकतीची मुदत असते, ती आधी बघावी. मुदतीच्या आत स्कोअररकडे जाऊन दुसऱ्या पॉइंटजवळचा स्वतःचा ट्रॅक मोठा करून मागावा आणि सिलिंडरची कड व बिंदू डोळ्यांनी बघावेत. दुसरं यंत्र किंवा फोनवर ॲप चालू असेल तर त्याचीही मूळ फाइल द्यावी. पूरक लॉग बहुतेक स्पर्धा स्वीकारतात आणि आयोजकांच्या ट्रॅकरचे बिंदूही मागता येतात. एकाही फाइलीत आतला बिंदू सापडला तर स्कोअरर तिथेच दुरुस्ती करेल, लेखी प्रोटेस्टची आणि त्याच्या शुल्काची वेळ येणार नाही. स्क्रीनवर 'पॉइंट झाला' दाखवणारा फोटो मात्र आणू नका, त्याचा उपयोग होत नाही.